गल्ल्यावरची जबानी

पायजम्याची नाडी विकत घेण्यास या देशात परवाना लागत नाही, जामीन लागत नाही, तलाठ्याचा दाखलाही लागत नाही, असे एखाद्या भोळ्या कायदेपंडितास वाटत असेल, तर त्याने काचेचे दार आणि वातानुकूलन असलेल्या कोणत्याही कापडदुकानात जाऊन एक नाडी विकत घेऊन पाहावी. नाडीचे मोल रोख मोजून, वर सुट्या पैशांची तजवीजही स्वतःच करून, ग्राहक ती गुंडाळी उचलू पाहतो, तोच गल्ल्यामागचा तरुण पडद्यावरील नजर तसूभरही न हलविता फर्मावतो, "काका, मोबाईल नंबर." त्यात विनंती नाही, प्रयोजन नाही, क्रियापददेखील नाही. आणि काका, ज्यांनी उभ्या हयातीत शिधापत्रिकेच्या अर्जातील उत्पन्नाचा रकाना एकदाही खरेपणाने भरला नाही, ते त्या एवढ्याशा हुकुमासरशी छाती पुढे काढून आपली दहा आकडी जबानी देऊ लागतात.

या जबानीचे वैशिष्ट्य असे की ती मोठ्याने द्यावी लागते. दुकानात कसले तरी गाणे वाजत असते, कोणाचे तरी मूल भोकाड पसरून बसलेले असते, आणि त्यामुळे काकांचे पहिले उच्चारण सर्वस्वी वाया जाते. दुसऱ्या खेपेस ते आवाज चढवितात. "नाईन एट डबल टू..." "डबल टू का ट्रिपल टू?" अशी उलटतपासणी होते. अखेरीस तो कर्तव्यदक्ष तरुण टंकलेले दहाही आकडे खणखणीत स्वरात वाचून दाखवितो आणि काका "बरोबर" म्हणून त्यांची रुजवात घालतात. म्हणजे ज्या क्रमांकाशी त्यांचे बँकेचे खाते, आधार, गॅसची टाकी, प्राप्तिकर आणि भविष्यनिर्वाह निधी यांच्या गाठी मारलेल्या आहेत, त्याची दवंडी दोन निरनिराळ्या कंठांतून तीन वेळा पिटली जाते, आणि रांगेतील यच्चयावत मंडळी ती बिनतक्रार ऐकत उभी असतात. पूर्वी दवंडी पिटणाऱ्यास निदान बिदागी मिळत असे. येथे काका नाडीचे पैसे भरून वर स्वतःचीच दवंडी पिटतात.

ज्येष्ठ नागरिकांपैकी काही सनातनी गृहस्थ मात्र आपला क्रमांक जोडीजोडीने आणि अस्सल मराठीत सांगतात : अठ्ठ्याण्णव, बावीस, एकोणऐंशी. येथे खरा अनर्थ ओढवतो. तरुणाची बोटे कळफलकावर अधांतरी राहतात. "आजोबा, इंग्लिशमध्ये सांगा ना." "अरे, एकोणऐंशी! ऐंशीला एक कमी!" "म्हणजे सिक्स्टी नाईन?" या ठिकाणी आम्हांस विषयांतर करणे भाग आहे, कारण ज्या महाराष्ट्रात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी मुखोद्गत केल्यावाचून पोराच्या पानात भात पडत नसे, त्याच महाराष्ट्रातील, मराठी आईबापांच्या पोटी जन्मलेला, मराठी आडनावाची पट्टी छातीवर लावून बसलेला हा धडधाकट इसम एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांतील भेद ओळखू शकत नाही, आणि त्याची त्याला खंतही वाटत नाही, उलट आजोबांनाच काही तरी ऐकू येत नसावे अशा करुणार्द्र मुद्रेने तो त्यांच्याकडे पाहत राहतो. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या पंक्तीला 'वीस एक' येऊन बसले, तेव्हा राज्यात केवढे रणकंदन माजले होते! वृत्तपत्रांतून अग्रलेख झडले, विनोदांना ऊत आला, विद्वानांनी एकमेकांच्या शेंड्या उपटल्या. ती दुसरीतली बालके तर अद्याप गल्ल्यावर बसण्याच्या वयाचीही झालेली नाहीत. म्हणजे हा तरुण त्या पुस्तकाचे फळ नव्हे, तो 'एकवीस, बावीस' घोकून बाहेर पडलेल्या जमान्याचा आहे, आणि आकड्यांचे हे दिवाळे आम्ही त्यापूर्वीच काढून बसलो होतो. असो. या अधोगतीचा एकच लाभ कबूल केला पाहिजे : मराठीत सांगितलेला क्रमांक तिशीच्या आतील कोणासही उमगत नसल्यामुळे, गोपनीयतेचा इतका स्वस्त आणि स्वदेशी उपाय दुसरा नाही. दुर्दैवाने आजोबा अखेर हार मानून इंग्रजीत, आणि संतापामुळे दुप्पट मोठ्याने, सारे आकडे सांगून टाकतात.

गृहस्थांचा आणखी एक वर्ग आहे, जो या प्रसंगी अत्यंत धूर्तपणे म्हणतो, "माझा नको, हिचा घ्या." आणि हिचा सांगतो. पाठमोरी होऊन ओढण्यांचे कापड चाचपणाऱ्या हिला त्याचा पत्ताही नसतो. याहून अधिक भाष्य करण्यास आमची गृहस्थिती अनुकूल नाही.

आता त्याच गल्ल्यावर, काकांच्या डोळ्यांच्या नेमक्या पातळीवर, एक चकचकीत फलक लटकत असतो : 'सावधान! आपला ओटीपी कोणासही सांगू नका.' काका तो वाचतात, मान डोलावतात आणि पुढचा आकडा सांगतात. हेच काका पैसे काढावयाच्या यंत्रापुढे उभे राहिले की देवळाच्या उंबरठ्यावर वाऱ्यात निरांजन सांभाळणाऱ्या आजीप्रमाणे दोन्ही तळव्यांचा आडोसा करून, पाठीचे धनुष्य करून, चार आकडी पिन दाबीत असतात. त्या चार आकड्यांचा एवढा सोवळेपणा आणि या दहा आकड्यांची अशी उधळपट्टी! ज्याने रांगेत उभ्या उभ्या ते दहा आकडे ऐकले, त्याने ते पैसे पाठविण्याच्या कोणत्याही ॲपमध्ये टाकावेत. एक पैसाही न पाठविता, क्रमांक त्या सोयीस जोडलेला असल्यास, बँकेच्या दप्तरी नोंदलेले काकांचे नाव पडद्यावर अवतरते. तेच आकडे निरोप धाडण्याच्या ॲपमध्ये टाकले की काकांचे छायाचित्रही दिसते, बहुधा नातवाला मांडीवर घेतलेले. हे छायाचित्र केवळ परिचितांनाच दिसावे अशी सोय त्या ॲपच्या सेटिंगमध्ये आहे आणि ती अर्ध्या मिनिटात करता येते. पण बँकेतले नाव इतक्या सहज झाकता येत नाही. नाडी घेताना काकांनी नाव सांगितले नव्हते, एवढेच समाधान.

काकांची गोष्ट सोडा. काका पुरुष आहेत, पिकलेल्या केसांचे आहेत, आणि त्यांना रात्री साडेअकरा वाजता "हाय, झोपलीस का?" असा निरोप येण्याचा संभव अल्प आहे. त्याच रांगेत महाविद्यालयातून परतणारी वीस वर्षांची मुलगी उभी असते. तिच्यामागे दोन, पुढे तीन अनोळखी पुरुष असतात. तिलाही "मॅडम, नंबर" असेच फर्मान सुटते, तिनेही तो तितक्याच मोठ्याने सांगावा अशी अपेक्षा असते, आणि ती क्षणभर घुटमळली, इकडेतिकडे पाहू लागली, तर तोच तरुण "लवकर मॅडम, लाईन आहे" म्हणून तिला दटावतो. येथे आम्हांस विनोद सुचत नाही. एखाद्या मुलीचा क्रमांक रस्त्यात उभे राहून मागणाऱ्या टवाळास आपला समाज अद्यापि चार थपडा लगावतो. तोच क्रमांक तिच्याकडून चव्हाट्यावर वदवून घेणाऱ्या दुकानास मात्र आपण 'आधुनिक' म्हणतो. रुमालाच्या एका जोडीपायी तिला पुढे महिनाभर कोणकोणाचे क्रमांक अडवून ठेवावे लागतात, याची वही कोणताही दुकानदार ठेवीत नाही. यास व्यापार म्हणत नाहीत. हा निव्वळ निलाजरेपणा आहे.

नाडी घरी पोचते तोच पहिला निरोप येतो : 'प्रिय ग्राहक, आपला खरेदीचा अनुभव कसा होता? कृपया पाच तारे द्या.' नाडीचा अनुभव तो काय असणार? ती ओवावी लागते, कधी गाठ बसते, कधी एक टोक आत पळते आणि सारे घर सेफ्टीपिन शोधू लागते. पुढे सणासुदीची सूट येते, वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात (जन्मतारीख त्यांना कोणी दिली, हे कोडे आम्हांस उलगडलेले नाही), आणि काकांच्या खात्यावर नाडीनिमित्त जमा झालेले दोन 'पॉइंट' येत्या एकतीस तारखेस कालबाह्य होत असल्याचा निर्वाणीचा इशाराही येतो. यथावकाश ती यादी कोणत्या संगणकातून कोणाच्या हाती जाते हे दुकानदारासही धड ठाऊक नसते. आणि मग एके दुपारी, काकांचा डोळा लागत असताना, अतिशय आर्जवी आवाजाचा एक फोन येतो. पलीकडच्या सद्गृहस्थास काकांचे नाव ठाऊक असते, दुकान ठाऊक असते, नाडीही ठाऊक असते. एवढे ठाऊक असलेला माणूस परका कसा असेल? काकांच्या सख्ख्या जावयालासुद्धा त्यांच्या नाडीविषयी इतकी माहिती नसते. सोडतीत काकांना बक्षीस लागलेले असते. त्यासाठी केवळ एक फाईल उघडावयाची असते, जिच्या नावाअखेरीस 'एपीके' ही तीन अक्षरे असतात. अशीच फाईल कधी लग्नपत्रिकेच्या, तर कधी वाहनाच्या दंडाच्या मिषाने येते. ती पत्रिकाही नसते आणि पावतीही नसते, ते फोनमध्ये वस्तीस येणारे एक स्वतंत्र ॲप असते. त्याने मागितलेल्या परवानग्या काकांनी एकदा मंजूर केल्या की येणारे सारे निरोप ते स्वतःच वाचते आणि परस्पर पुढे धाडते. म्हणजे काका फलकाबरहुकूम ओटीपी कोणासही सांगत नाहीत, आणि खाते तरीही रिकामे होते. फलक आपल्या जागी चकाकत असतो.

कायद्याचे म्हणाल, तर कायदा या बाबतीत मुळीच झोपलेला नाही. तो जागा आहे, फक्त पलंगावरून अद्याप उतरलेला नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये विकलेल्या मालाचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती तिसऱ्यास परस्पर सांगणे हीदेखील. २०२३ च्या मे महिन्यात, क्रमांक दिल्यावाचून बिल नाही हा हट्ट धरू नये अशी समज व्यापाऱ्यांच्या संघटनांना देण्यात आली. त्याच वर्षी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला, आणि त्याच्या सातव्या कलमाखाली कायदा करणाऱ्यांनी स्वहस्ते एक उदाहरण घातले आहे, जे आम्हांस फार प्रिय आहे : एक बाई औषधाच्या दुकानात खरेदी करते, पैसे पोचल्याची पावती आपल्या मोबाईलवर पाठवा म्हणून आपण होऊन क्रमांक देते, आणि दुकानदार तो क्रमांक पावती पाठविण्याच्या कामी वापरू शकतो. पाहा, क्रमांक बाई आपण होऊन देते, पावती तिला हवी असते, आणि उपयोग पावतीपुरताच सांगितलेला आहे. शुभेच्छा, पॉइंट, पाच तारे यांचा त्या उदाहरणात मागमूस नाही. या कायद्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले आणि त्यांतील बहुतेक बंधने अमलात येण्यास आणखी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली, कारण ग्राहकाकडे आकडे न मागण्याची सवय व्यापाऱ्याच्या अंगी बाणण्यास अवधी हा लागणारच. मागण्याची सवय मात्र एका रात्रीत लागली होती.

याउपर कोणी धीर करून "नंबर देत नाही" म्हणालाच, तर गल्ल्यावरून अंतिम प्रमाण पुढे येते : "काका, सिस्टीम पुढे जातच नाही." हे वाक्य आजच्या महाराष्ट्रात वेदवाक्याच्या पदवीस पोचले आहे. माणूस अडवीत नाही, मालक अडवीत नाही, 'सिस्टीम' अडविते, आणि तिच्यापुढे कोणाचे काय चालणार? परंतु ग्राहक तसाच निश्चल उभा राहिला, नाडी हातात घट्ट धरून, रांगेचे सुस्कारे पाठीवर झेलीत, तर एक चमत्कार घडतो. तो तरुण एक निःश्वास टाकतो, दहा वेळा एकच कळ दाबतो, आणि सिस्टीम सुरळीत पुढे जाते. तिला कोणाचाही विशिष्ट क्रमांक नको असतो. तिला दहा आकडे हवे असतात, मग ते भुताचे का असेनात. या एका कळीच्या अंतरावर काकांची सारी अब्रू ठेवलेली असते, आणि ती कळ अगोदरच दाबण्याचे सौजन्य आजवर एकाही गल्ल्याने दाखविलेले आम्ही पाहिलेले नाही.

आम्हांस सर्वांत अधिक राग येतो तो उपदेशाचा. सावध राहा, सजग राहा, लोभास बळी पडू नका, अनोळखी फोन उचलू नका : सारे फलक ग्राहकाकडे तोंड करून लावलेले. गल्ल्याच्या आतल्या बाजूस, त्या तरुणाला दिसेल असा, 'गरज नसता कोणाचाही क्रमांक मागू नये' हा फलक कोणत्याही दुकानात नाही. चोरी झाली की पंचनामा प्रथम घरमालकाच्या अकलेचा होतो, आणि कुलपाच्या किल्ल्या हातोहात वाटीत सुटलेला चौकीदार त्या पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून सही करतो.

तेव्हा वाचकहो, पुढच्या नाडीच्या वेळी "देत नाही" एवढे दोनच शब्द उच्चारा, ते मात्र मोठ्याने, रांगेच्या शेवटास ऐकू जातील असे, आणि बिल हाती पडेपर्यंत जागचे हलू नका. बिल मागणे हा तुमचा हक्क आहे. ते नाकारले गेले तर ग्राहकांच्या तक्रारीचा क्रमांक १९१५ आहे. पैसे गेलेच असतील तर विनाविलंब १९३० लावा, कारण पैसा पुढच्या खात्यांतून पसार होण्यापूर्वीच तो अडविता येतो. तक्रार नोंदविताना तुमचा मोबाईल क्रमांक तेथेही विचारतील. तो अवश्य द्या. तेथे तो कामासाठी मागतात.