कैसरचं आरमार आणि बटाट्याचं सॅलड

जर्मनीत झेक्टच्या, म्हणजे तिथल्या फसफसत्या वाइनच्या बाटलीचं बूच उडण्याआधीच सरकारने आपला वाटा उचललेला असतो: पाऊण लिटरला १ युरो २ सेंट. हा कर १९०२ साली कैसर दुसऱ्या विल्हेल्मच्या आरमारासाठी बसवला गेला. त्या आरमाराच्या कितीतरी युद्धनौका १९१९ मध्ये स्कापा फ्लोच्या खाडीत खुद्द जर्मन खलाशांनीच बुडवल्या. कर १९३३ मध्ये रद्द झाला, १९३९ मध्ये नव्या युद्धाबरोबर परत आला आणि आजही तरंगतो आहे.

एवढी ऐतिहासिक बाटली फोडायची, तर समोर पक्वान्न हवं. नाताळच्या आदल्या रात्री बऱ्याच जर्मन घरांत काय असतं? गरम पाण्यातून काढलेली सॉसेजेस आणि बटाट्याचं सॅलड. दिवाळीच्या फराळाला बोलावून पाहुण्यांपुढे मुगाची खिचडी ठेवावी, तसा हा प्रकार.

पण जोडी जमते. श्वाबियातल्या सॅलडात मांसाचं गरम सूप, व्हिनेगर आणि मोहरी असते. साधी वाइन व्हिनेगरसमोर पाणचट लागते. रीसलिंग द्राक्षाचा झेक्ट मात्र मुळातच आंबट, त्यामुळे तो मागे हटत नाही. उत्तरेकडे सॅलडात मेयॉनीज पडतं. तिथे हाच आंबटपणा आणि बुडबुडे जिभेवरचा तुपकटपणा धुऊन काढतात. गेओर्ग क्रिस्तियान केसलर फ्रान्समध्ये व्हव क्लिकोच्या पेढीत शॅम्पेनचा धंदा शिकला आणि १८२६ साली श्वाबियातल्या एस्लिंगनमध्ये त्याने स्वतःचा झेक्टचा कारखाना काढला. म्हणजे झेक्ट सॅलडाच्या माहेरीच उतरला म्हणायचा.

खरी गंमत लेबलवर आहे. ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी. साध्या वाइनवर हा शब्द असला, तर लिटरमागे साखर फार तर ९ ग्रॅम. झेक्टवर असला, तर १७ ते ३२ ग्रॅम! खरोखर कोरडा झेक्ट हवा असेल, तर ‘ब्रूट’ शोधायचा. त्यात १२ ग्रॅमहून कमी. शिस्तप्रिय देशात गोड बाटलीवर ‘कोरडी’ असं छापतात, आणि तेही कायद्याने.

एस्लिंगनशेजारचं श्टुटगार्ट हे मुंबईचं भगिनी शहर. तिथे नोकरीला गेलेला मराठी माणूस पार्टीसाठी भरवशाने ‘ट्रोकन’ उचलतो, पहिल्या घोटाला ‘हे काय सरबत?’ म्हणतो आणि दुसरा घोट बटाटेवडा व लसणाच्या चटणीवर घेतो. मग त्याची तक्रार बंद होते. तिखटाची आग अल्कोहोल आणि बुडबुडे आणखी भडकवतात. साखर ती जरा आवरते. त्या चटणीपुढे अस्सल ब्रूट ठेवला असता, तर पाहुण्यांनी घाम पुसत पाण्याचा जग मागितला असता.

३१ डिसेंबरला जर्मन टीव्हीवर ‘डिनर फॉर वन’ लागतं. १९६३ साली चित्रित झालेलं हे छोटं इंग्रजी प्रहसन. नव्वदीच्या मिस सोफी जेवायला बसतात आणि बटलर जेम्स सूपबरोबर शेरी, माशाबरोबर पांढरी वाइन, कोंबडीबरोबर शॅम्पेन, फळांबरोबर पोर्ट ओततो. गैरहजर चारही पाहुण्यांच्या वाटचं तोच पितो. कशाबरोबर काय प्यावं, याचा इतका रीतसर धडा दुसरीकडे मिळणार नाही. फक्त शिक्षक शेवटी उभा राहू शकत नाही.

बाराच्या ठोक्याला झेक्ट आणि सोबत बर्लिनर: तळलेला, साखर भुरभुरलेला, पोटात जॅम भरलेला गोल पाव. इथे सगळा हिशेब कोसळतो. पदार्थाहून वाइन कमी गोड असली की ती आंबटढाण लागते, त्यामुळे जॅमवर ब्रूट घेणारा नव्या वर्षाचं स्वागत तोंड वाकडं करून करतो. ‘मिल्ड’ लिहिलेली, ५० ग्रॅमहून जास्त साखरेची बाटली इथे शोभते. पण ती आणली, तर जाणकार पाहुणे नाक मुरडतात. त्यात यजमान खोडसाळ असला, तर एका बर्लिनरमध्ये गुपचूप जॅमऐवजी मोहरीची चटणी भरतो. ज्याच्या वाट्याला ते येतं त्याला सगळे हसतात. ब्रूटला साजेसा घास मात्र टेबलावर त्या एकट्यालाच मिळालेला असतो.