पंचवीस ग्रॅमचा पिंजरा

नवरा : अगं, चार नंबरची ॲलन की कुठे गेली?

बायको : उशाखाली बघा. रात्री तीच घेऊन झोपला होतात.

नवरा : सायकलला केज बसवायचाय, बाटलीचा.

बायको : पिंजरा? बाटली उडून जाते की काय?

नवरा : थट्टा नको. कार्बन फायबर आहे! अख्खा २५ ग्रॅम. हातात घेऊन बघ.

बायको : खरंच, काही लागतच नाही. आणि बाटली केवढी?

नवरा : ७५० मिलीची.

बायको : म्हणजे भरली की पाऊण किलो. आणि बाटलीवाला?

नवरा : ब्याऐंशी. पण ते सायकलच्या वजनात धरत नाहीत.

बायको : तुम्ही नका धरू. चाक धरतं.

नवरा : इकडे बघ. तिरक्या दांडीवर ही दोन भोकं. मध्ये अंतर ६४ मिलिमीटर. कुठल्याही कंपनीचा केज आण, बसतोच!

बायको : कमाल आहे. आपल्या घरात दोन मोबाइलना एक चार्जर चालत नाही. मामंजींच्या काळ्या सायकलला कुठे होती ही भोकं?

नवरा : नव्हती. तहान लागली की ते कुणाच्याही दारात पाणी मागायचे.

बायको : शून्य ग्रॅम.

नवरा : (पिळत) बसतोय... जरा घट्ट जातोय... आता फिरतोय... अरे, नुसताच फिरतोय!

बायको : आटे गेले. स्क्रू तिरका घातलात. बरणीचं झाकण लावतात तसं आधी उलटं फिरवायचं, खट्ट झालं की मग सुलटं. तेही हातानं. पाना शेवटी.

नवरा : मग आधी सांगायचंस!

बायको : विचारलंत? केवढ्याला आणलात?

नवरा : अडीच हजार.

बायको : ग्रॅमला शंभर! आणि मिक्सरचं भांडं गळतंय म्हटलं, तर एम-सील लावून दिलंत.

नवरा : मिक्सरचा इथे काय संबंध?

बायको : तेच म्हणतेय मी. दोन वर्षं तेच म्हणतेय.

नवरा : (जरा वेळानं) आता दुकानात न्यावी लागेल. ते भोकातला आटेवाला जुना रिव्हनट काढून नवा बसवतील. टेम्पो सांगतो.

बायको : टेम्पो? चाकं शाबूत आहेत, चालवत न्या.

नवरा : आणि वाटेत पाण्याचं काय?

बायको : दुकान आपल्याच बिल्डिंगच्या खाली आहे.