संकेश्वरच्या वेबसाइटकारांस अनावृत पत्र

वेबसाइटकार महोदय यांस,


आपण आमच्या पेठेतल्या एका मिरची व्यापाऱ्याला करून दिलेली वेबसाइट पाहिली. डोळे दिपले! दुकानाचं नाव एच-वन, म्हणजे पानावरचा सर्वांत वरच्या पायरीचा मथळा. 'सहर्ष स्वागत' एच-वन. मालकांचा मोबाइल नंबर एच-वन. 'सोमवारी बंद' हेसुद्धा एच-वन. पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या डिजिटल बोर्डावर सगळ्या शुभेच्छुकांचे चेहरे एकाच मापाचे असतात आणि उत्सवमूर्ती शोधावी लागते. ती कला आपण थेट इंटरनेटवर नेलीत.

मिरची तेवढी दिसेना. म्हणजे आहे की, अगदी तळाला, बारीक अक्षरांत. लांबसडक, लालभडक, जिभेला चटका देणारी संकेश्वरी! तिकडे गडहिंग्लजच्या बाजारात तिच्या नावानं सौदे होतात आणि इथं गावच्याच पानावर तिला साधा एच-टू मिळू नये?

'जितके एच-वन, तितका गुगलवर नंबर वर' असं आपण मालकांना सांगितलंत म्हणे, आणि त्याचे वेगळे पैसेही लावलेत. धन्य! टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ च्या सुमारास एचटीएमएलचे पहिले टॅग मांडले, त्यात मथळ्यांच्या सहा पायऱ्या होत्या. खालच्या पाच त्यांनी हौस म्हणून दिल्या असाव्यात. आता गुगल काय म्हणतं? एका पानावर अनेक एच-वन असले तरी चालतील, मथळ्यांचा क्रम चुकला तरी आमचं काही अडत नाही. म्हणजे आपल्याला शिक्षा नाही, पण बक्षीसही नाही. पान कशाबद्दल आहे, हे समजायला गुगलला मथळ्यांची मदत होते, इतकंच. आणि आपलं पान मिरचीबद्दल नसून स्वागताबद्दल आहे! चटणीच्या दिवसांत मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं 'संकेश्वरी मिरची भाव' असं शोधतात. 'सहर्ष स्वागत' कोण शोधतंय?

पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'मिरची मिरची मिरची' लिहून लपवलंत, ते मात्र गुगलच्या नियमांत सरळ स्पॅम ठरतं. ते आजच काढा.

आणखी एक गंमत करून बघा. एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर फुकट मिळतो. तो लावून एच दाबत राहा. दृष्टिहीन माणूस असाच मथळ्यामथळ्यावरून उड्या घेत पान चाळतो. आपल्याकडे त्याला ऐकू येईल: स्वागत, मोबाइल नंबर, सोमवारी बंद. बिचारा मिरचीपर्यंत पोचायच्या आधीच सोमवार उजाडायचा. अक्षर नुसतं मोठं हवं असेल तर ते काम सीएसएसचं. त्यासाठी एच-वनला का राबवता?

तेव्हा कृपा करून एवढं करा. एच-वन एकच ठेवा: 'संकेश्वरी जवारी मिरची'. त्याखाली एच-टू: आजचा भाव, वर्षाच्या चटणीसाठी, घरपोच पाठवणी. चटणीच्या पोटात हवा तर एच-थ्री: ब्याडगी किती मिसळावी. रंग ब्याडगीचा, तिखट आमचं, हे गिऱ्हाईक विचारतंच. कन्नड पान वेगळं करा, त्याचे मथळेही कन्नडच ठेवा. कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड लागते, तो हिशेब इथं मांडून एकाच मथळ्यात दोन लिप्या कोंबू नका. आणि मालकांच्या बिलात 'एसईओ' म्हणून लावलेली रक्कम नव्या मिरचीची आवक सुरू व्हायच्या आत परत करा.

आपला,
एक तिखट गिऱ्हाईक