मेलबर्नकाकांचा वीकेंड

मुलगी ऑस्ट्रेलियात शिकायला गेली की रावेतमधल्या माणसाचं घड्याळ बिघडतं. तुम्ही सहज विचारता, "काका, किती वाजले?" काका मनगट वर करतात, क्षणभर थांबतात आणि सांगतात, "आपल्याकडे साडेसात. तिकडे बारा." दुसरा आकडा आपण विचारलेला नसतो, पण तो पहिल्यासोबत फुकट मिळतो. ऑक्टोबरचा पहिला रविवार आला की मेलबर्नची घड्याळं तासभर पुढे जातात आणि साडेचार तासांचा फरक साडेपाचावर जातो. एप्रिलच्या पहिल्या रविवारी तो पुन्हा खाली येतो. आमच्या बी विंगमधल्या वॉचमनलाही हे पाठ आहे. आपल्या गावी बस किती वाजता सुटते ते त्याला आठवत नाही, हा भाग वेगळा.

या मेलबर्नकाकांवर फक्त आमच्या सोसायटीचा हक्क आहे असं समजू नका. पुनावळे, किवळे, वाकड, मोशी, जिथे टॉवर उभे राहिले तिथे एखादे काका उगवलेच. ऑस्ट्रेलियात शिकणाऱ्या भारतीयांची संख्या लाखाच्या वर आहे आणि परदेशी विद्यार्थ्यांत चीनच्या खालोखाल आपला नंबर लागतो. त्यामुळे दर लिफ्टमागे एक तरी पालक यायचाच. खालच्या मजकुरात कुणाला आपला शेजारी दिसला तर तो शेजाऱ्याचा गुण समजावा.

वीकेंड ही वस्तू काकांच्या आयुष्यात फार उशिरा आली. त्याआधी त्यांच्याकडे गुरुवार होता. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे पुण्यात सदाशिव पेठेतल्या माणसालाही दोनदा सांगावं लागतं. सगळ्या कारखान्यांनी एकाच दिवशी वीज ओढू नये म्हणून सुट्टीचे वार वाटून दिले गेले आणि आमच्या पट्ट्याच्या पदरात गुरुवार पडला. काका एका वेंडर कंपनीत क्यूसीत होते. काकू शाळेत शिक्षिका, त्यांना रविवार. मुलगी शाळेत, तिलाही रविवार. म्हणजे गुरुवारी काका घरात एकटे बसून पंख्याच्या पात्या पुसणार आणि रविवारी दोघी घरात असताना हे फर्स्ट शिफ्टच्या बसमध्ये झोपलेले. बदली सुट्टीचा सी-ऑफ साठायचा, पण मिळायचा तो साहेबाच्या सोयीने आणि नेमका मंगळवारी. तिघांची सुट्टी एका दिवशी यायची ती गणपतीत, नाहीतर गावाकडे कुणी गेलं तर.

त्यामुळे घोराडेश्वर, भाजे, लोहगड, पवना धरण ही सगळी मंडळी काकांच्या घरापासून तासा-दीड तासाच्या आत नांदत असूनही काकांची त्यांच्याशी ओळख झाली नाही. मुलगी कॉलेजात गेल्यावर मैत्रिणींबरोबर पावसात लोहगडला जायचं म्हणाली, तेव्हा घरात सेफ्टी कमिटीची बैठकच भरली. पायऱ्या निसरड्या. धुकं. परतीची लोकल चुकली तर? भुशी डॅमवर पोलीस बंदी घालतात ते काय उगाच? "पण बाबा, आम्ही भुशीला जातच नाहीये." "बंदीचं कारण तर समजून घे!" लोहगड नो-गो ठरला. क्यूसीतल्या माणसाच्या हातात दोनच निकाल असतात, गो आणि नो-गो, आणि गेजला भावना नसतात.

पुढे हीच मुलगी मास्टर्सला मेलबर्नला गेली आणि काकांचं गेज उलटं फिरलं.

रविवारी रात्री तिचा फोन येतो आणि सोमवारी सकाळी बास्केट ब्रिजकडे फिरायला निघालेल्या आम्हा चौघा-पाचांना शिफ्ट रिपोर्ट मिळतो. रिपोर्टचा नमुना ठरलेला आहे: ठिकाण, अंतर, निघण्याची वेळ, वाहन, माणसं किती, खाल्लं काय, आणि शेवटी त्रुटी. काकांना त्रुटीशिवाय रिपोर्ट अपुरा वाटतो. परवा त्यांनी ग्रेट ओशन रोड सांगायला घेतला तेव्हा आम्ही पवनेच्या पुलावरही पोचलो नव्हतो.

"दोनशे त्रेचाळीस किलोमीटर. डावीकडे समुद्र, उजवीकडे डोंगर. 1919 ला काम सुरू केलं, 1932 ला रस्ता उघडला. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांनी बांधलाय, कुदळ-फावड्याने."

"तेरा वर्षं लागली म्हणजे," चाकणला रोज बाइकने जाणारा एकजण म्हणाला, "आपल्या सर्व्हिस रोडला अजून बराच वेळ आहे."

काकांनी ते ऐकलं नाही. ते ट्वेल्व्ह अपोस्टल्सवर आले होते. समुद्रात उभे असलेले चुनखडीचे सुळके, नाव बारा प्रेषित. मुलगी तिथे पोचली, व्हिडिओ कॉल लावला, आणि काकांनी मोजायला सुरुवात केली. नऊही भरेनात.

"बेटा, कॅमेरा डावीकडे घे. बाकीचे कुठायत?"

"बाबा, इथे बारा कधी नव्हतेच. नऊ होते. त्यातला एक जुलै 2005 मध्ये कोसळला."

"ड्रॉइंगवर बारा आणि पार्ट आठ? हा लॉट पास कुणी केला?"

हा प्रश्न काकांनी नंतर आम्हाला विचारला, काकूंना विचारला, दुधवाल्याला विचारला. लाटा चुनखडी खालून कातत नेतात, कमान होते, कमान पडते आणि मागे सुळका उरतो, ही कारणमीमांसा त्यांना पटली. झीज त्यांना समजते, सगळा जन्म टूल-वेअर बघण्यात गेला. पण झिजलेल्या मालावर जुनं लेबल ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसेना.

फिलिप आयलंडच्या पेंग्विननी तर काकांची पतच धोक्यात आणली. सूर्य मावळला की तिथले छोटे पेंग्विन समुद्रातून बाहेर येतात आणि थव्याथव्याने वाळूवरून आपापल्या बिळांकडे चालत जातात. बघायला माणसं पायऱ्यांवर बसलेली असतात. पण तिथे फोटो काढायला सक्त मनाई आहे, दिव्यांनी पाखरं बिचकतात म्हणून. आता फोटोशिवायची सहल सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी ग्राह्य धरतं का? काकांनी तोंडी पुरावा दिला. दोन्ही तळवे वरखाली धरून उंची दाखवली. "तेहतीस सेंटीमीटर. वजन किलोच्या आसपास." तळव्यांमधलं अंतर खरंच तेहतीस असणार याबद्दल मला शंका नाही, त्या हातांनी आयुष्यभर तेच केलंय. शेवटी त्यांनी तिथल्या लोकांनीच दिलेला फोटो ग्रुपवर टाकला, तर सी विंगमधून उत्तर आलं, "हा तर नेटवरचा आहे." दोन दिवस काका सी विंगसमोरून गेले नाहीत.

काकूंचा रिपोर्ट याच फोनवरून तयार होतो, पण त्यात समुद्र नसतो. "वारा फार होता म्हणे. स्वेटर गाडीत राहिला. रात्री अकराला घरी पोचली, आणि जेवली काय? मॅगी." दोघं एकाच फोनला कान लावून बसतात आणि वेगवेगळ्या मुलीशी बोलून उठतात.

खाण्याचा विषय काका भरभर उरकतात. त्याला कारण घडलं. बनिंग्ज म्हणून तिकडे हार्डवेअरची भलीमोठी दुकानं आहेत. शनिवार-रविवारी त्यांच्या दारात शेगडी लावून ब्रेडमध्ये सॉसेज घालून विकतात आणि पैसे एखाद्या शाळेला, क्लबला, मंडळाला जातात. स्क्रू घ्यायला आलेला माणूस ते खाल्ल्याशिवाय हलत नाही. मुलगी रूममेटबरोबर पडद्याचा रॉड आणायला गेली आणि रांगेत उभी राहिली. काकांच्या घरी माळ आहे, देहूची वारी आहे. मुलीने तिथे काय खाल्लं, हे आम्ही चौकशीच्या सुरात विचारलं. काका म्हणाले, "ब्रेड आणि परतलेला कांदा. नुसता कांदाही देतात." सगळे गप्प झाले. एकादशी दुसऱ्या दिवशी होती, हे कुणीतरी अगदी हळू बोललं.

लाटांवरच्या फळकुटाचं मात्र सविस्तर. लोहगडच्या पायऱ्या जिला नो-गो होत्या ती मुलगी टॉर्कीच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकत होती आणि बाप तो व्हिडिओ पाण्याच्या टाकीपाशी उभा राहून सगळ्यांना दाखवत होता. मी विचारलं, भीती नाही वाटली? "छे! तिकडे सिस्टीम आहे. लाल-पिवळे झेंडे लावतात, त्या दोन झेंड्यांच्या मधेच पोहायचं. बाहेर गेलं की लाइफगार्ड शिट्टी मारतो." एखाद्या समुद्राला वरची आणि खालची मर्यादा आखून दिली की काकांना तो आपल्या खात्यातला वाटतो. लोहगडाला कुणी झेंडे लावले असते तर मुलगी तेव्हाच जाऊन आली असती.

एक गोष्ट रिपोर्टमध्ये येत नाही. ती मला काकांच्या डायरीत दिसली, दिसली म्हणजे त्यांनीच दाखवली, चष्मा लावून. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला 48 तास काम करता येतं. मुलगी एका कॅफेत काम करते. तिथे ताशी किमान मजुरी 25 डॉलरच्या जवळ आहे आणि रविवारी दर आणखी वाढतो, त्याला पेनल्टी रेट म्हणतात. हे ऐकून काकांना भरून आलं होतं. आपल्याकडे 1948 च्या फॅक्टरी कायद्याने ओव्हरटाइमला दुप्पट मिळायची. ती दुप्पट मिळावी म्हणून काकांनी कितीतरी दिवाळ्यांचे पाडवे मशीनसमोर काढलेत. ओटी नाकारणारा माणूस त्यांनी आयुष्यात एकच पाहिला आणि त्याची सासुरवाडी बागायतदार होती. आता इथे त्यांची स्वतःची मुलगी रविवारची वाढीव दराची शिफ्ट सोडून पेंग्विन बघायला जाते. म्हणजे सहलीचा खर्च किती? गाडीच्या भाड्यातला वाटा, पेट्रोल, तिकीट, अधिक बुडालेली शिफ्ट. त्या सगळ्या डॉलरांना रुपयाने गुणायचं. काकांनी गुणलं होतं. खाली शैक्षणिक कर्जाचा हप्ता लिहिला होता. दोन्ही आकड्यांच्या मधे एक रेघ होती आणि रेघेखाली काहीच नव्हतं.

"तिला बोललात का?" मी विचारलं.

"बोललो ना. म्हटलं, पुढच्या रविवारी कुठे जाणार?"

असा बाप जर्मनीकाकूंना झेपत नाही. त्यांचा मुलगा जर्मनीत. तिथे रविवारी दुकानं बंद आणि घरात आवाजाची कामं करायची नाहीत, भिंतीला ड्रिल लावलं तर शेजारी तक्रार करतो. त्यामुळे जर्मनीकाकूंच्या सोमवारच्या रिपोर्टमध्ये "झोपला होता" याखेरीज काही नसतं. कॅनडाआप्पांचा मुलगा दारातला बर्फ फावड्याने ओढतो, तेही फेब्रुवारीपर्यंत ऐकून कंटाळा येतो. मेलबर्नकाकांपुढे या दोघांचा टिकाव लागत नाही, आणि काकांना ते माहीत आहे.

काकांचा स्वतःचा वीकेंड कसा जातो हेही सांगायला हवं. आता ते निवृत्त आहेत, सातही वार त्यांचेच. पिंपरी-चिंचवडला 2019 पासून दिवसाआड पाणी येतं. महापालिका ज्या रावेत बंधाऱ्यावरून शहराचं पाणी उचलते तो बंधारा आमच्या उशाशी, आणि टँकर आमच्या दाराशी. शनिवारी टँकरची पावती कोण घेणार, रविवारी टाकीची पातळी कोण बघणार? काका. काठी टाकून पातळी मोजतात, ग्रुपवर सेंटीमीटरमध्ये टाकतात. मुलगी सारखी म्हणते, या ना दोघं इकडे. "येऊ की," काका म्हणतात, "पण इथला पाण्याचा चार्ज कुणाला हँडओव्हर करू?"

मागच्या वर्षी मात्र मुलीने त्यांना पेचात पकडलं. 11 जुलै 2025 ला युनेस्कोने शिवकालीन बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यात लोहगड आहे. तिच्या घरातल्या कोलंबियाच्या आणि व्हिएतनामच्या मुलींनी ती बातमी कुठेतरी वाचली आणि नकाशात बघितलं, तर किल्ला हिच्या घराजवळ. तुझ्या घराशेजारी आहे, मग आत कसा आहे सांग ना? हिला सांगता येईना. तिने फोन केला. काका बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "थांब, आधी मोजतो." साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, आणि तमिळनाडूतला जिंजी. अकरा आपल्याकडे, एक तिकडे. बारा. पुन्हा मोजले, तरी बारा.

"बघ," काका म्हणाले, "आपल्याकडे यादीवर बारा तर जागेवरही बारा."

हे त्यांनी आम्हाला सोमवारी सांगितलं, मंगळवारी सांगितलं, आणि सी विंगसमोर थांबून मोठ्याने सांगितलं. सुट्टीत मुलगी आली की तिघं लोहगडला जाणार, असं ठरलंय. काकू म्हणतात रविवारी जाऊ. काका म्हणतात रविवारी फार गर्दी असते, गुरुवारी जाऊ.

तुम्हाला त्याआधी जायचं असेल तर आकुर्डीहून लोणावळा लोकल पकडा, मळवलीला उतरा, भाजे गावातून वर वाट जाते. काकांना रस्ता विचारू नका. ते तुम्हाला टॉर्कीहून डावीकडे समुद्र ठेवायला सांगतील.