परंड्यात प्रमाणित सेंद्रिय डेअरी कशी काढावी

गाय घेण्याची घाई करू नये. सेंद्रिय धंद्यात तिचा नंबर बराच खाली लागतो. आधी जाड पुठ्ठ्याची फाईल घ्यावी. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमाने रासायनिक खत-औषध बंद केल्यावर हंगामी पिकांच्या रानाला दोन वर्षांचा रूपांतरण काळ काढावा लागतो. या काळात खर्च सेंद्रिय होतो आणि भाव साधा मिळतो. घरचे विचारतील, तर 'रूपांतरण चालू आहे' असे गंभीर चेहऱ्याने सांगावे.

दरम्यान शेजाऱ्याशी गोड राहावे. तो सोयाबीनवर तणनाशक मारणार, आणि वारा काही प्रमाणन संस्थेची परवानगी घेऊन वाहत नाही. म्हणून बांधालगतची पट्टी मोकळी सोडावी. भाऊबंदकीत इंचासाठी कोर्टात जाणारा माणूस स्वतःच्या रानाची पट्टी आपखुशीने सोडतो, हा चमत्कार फक्त सेंद्रिय शेतीतच दिसतो.

आता गाय. देवणी किंवा लाल कंधारी घ्यावी. दोन्ही मराठवाड्याच्या, उन्हाला टिकणाऱ्या. दूध कमी, हे खरे. गायीच्या कानात बारा आकडी नंबराचा पिवळा बिल्ला असतो, म्हणजे आकड्यांत ती तुमच्या आधार कार्डाच्या बरोबरीला आलीच. तिची जन्मतारीख, वेत, औषध सगळे वहीत लिहावे. कासेला दगडी झाली तर इलाज जरूर करावा, गायीला तडफडत ठेवणे कोणत्याच नियमात बसत नाही. फक्त औषधानंतर साधे दूध तीन दिवस थांबवायचे असेल, तर तुम्ही सहा दिवस थांबवायचे. त्या सहा दिवसांच्या दुधाचे काय करायचे, हे वासराला विचारावे.

खरी परीक्षा चाऱ्याची. नियमाने चाराही सेंद्रियच हवा. चांगल्या पावसाच्या वर्षी घरची ज्वारी, घरचा कडबा, सगळे सुरळीत. पण आपल्याकडे वर्षे तशी येत नाहीत. 2013 आणि 2019 च्या उन्हाळ्यांत या जिल्ह्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. छावणीत दावणीला काय पडते? उसाचे वाढे. त्या उसाने युरिया किती खाल्ला, याचा दाखला कोणी देत नाही, आणि भुकेली गाय मागतही नाही. दुष्काळात नियमाला थोडी सवलत मिळते, पण ती अर्ज करून. म्हणजे गायीच्या आधी अर्जाला तोंड उघडावे लागते. शहाण्याने पहिल्याच सुगीला कडब्याची दुप्पट गंज रचावी. प्रमाणपत्र भिंतीवर नंतर लावले तरी चालते.

दूध संकलन केंद्रावर मात्र घालू नये. तिथले मशीन गाईच्या दुधाचे साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफ बघते आणि चिठ्ठी फाडते. सेंद्रियपणा मोजायचा खटका त्यात नाही. तेव्हा घरीच तूप कढवावे. साडेतीन फॅटच्या दुधात किलोभर तुपाला 28-30 लिटर जातात. हा हिशेब पाहुण्यांना सांगावा, म्हणजे ते फुकट मागत नाहीत. खव्याच्या नादी लागण्याआधी शेजारच्या भूम तालुक्यात जाऊन यावे. कुंथलगिरीच्या खव्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे नाव भट्टीपुढे कढईत उलथने फिरवणाऱ्या हातांनी कमावले, फाईल मागून आली.

गिऱ्हाईक पुण्याचे शोधावे. परंड्यातला चांगला माल बाहेर जायची रीत जुनी आहे. आपल्या किल्ल्यावरची मलिक-ए-मैदान तोफसुद्धा 1632 मध्ये विजापूरला गेली, ती परत आली नाही. तुपाचे पैसे तरी आगाऊ घ्यावेत.

आणि एक कलम, जे सल्लागार शेवटी सांगतात किंवा सांगतच नाहीत. 2017 च्या सेंद्रिय अन्न नियमांत छोट्या उत्पादकाने थेट गिऱ्हाइकाला विकलेल्या मालाला प्रमाणपत्रातून सूट आहे. 'जैविक भारत'चे चिन्ह तेवढे लावता येत नाही. दोन-चार गायींच्या मालकाने फी भरण्याआधी हे कलम वाचावे.