आण्णांचा माइनसेट

आण्णांच्या धाकट्या लेकीचं डोहाळजेवण 'केडब्ल्यू 41'मध्ये होतं. फोनवरचं निमंत्रण, आणि आण्णांनी मुहूर्त सांगितला तो असा. मी म्हटलं, "आण्णा, तारीख सांगा, निदान वार तरी." तर म्हणाले, "सर, वार-बीर जुनं झालं. जर्मन माणूस आठवडा मोजतो. वर्षाचा एक्केचाळिसावा आठवडा. काढा कॅलेंडर." तेवढ्यात वहिनींनी फोन हिसकावून घेतला. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी. मी सांगतो तुम्हाला. ह्यांचं ऐकत बसू नका, जेवायला या."

कोल्हापूरच्या भोवतीनं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल असा जो ओतकामाचा पट्टा आहे, त्यात आण्णा एकच नाहीत. दर चार फौंड्र्यांमागं एक आण्णा सापडतो. वडील उद्यमनगरात कुणाच्या तरी लेथवर उभे होते. ऑइल इंजिनांच्या जमान्यात त्यांनी स्वतःची लहानशी भट्टी घातली. मुलगा आयटीआय करून ट्रॅक्टरचे, मग ट्रकचे सुटे भाग ओतू लागला. आणि पन्नाशी उलटल्यावर एके दिवशी ईमेल आली की तुमचं कास्टिंग आम्हांला जर्मनीत हवं आहे. तिथून पुढं माणूस बदलतो. कपाळावरचं अंबाबाईचं कुंकू आणि खिशातलं गळकं पेन तसंच राहतं, पण ऑफिसच्या भिंतीवर तीन घड्याळं लागतात.

आमच्या आण्णांच्या घड्याळांखाली कोल्हापूर, फ्रँकफर्ट आणि टोकियो अशी नावं आहेत. आता जर्मनीत मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढं सरकतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागं येतं. आण्णांच्या भिंतीवर मात्र फ्रँकफर्टला बारा महिने हिवाळा असतो. शिपायानं एकदा शिडी लावून काटा फिरवायला घेतला, तर आण्णांनी त्याला खाली उतरवलं. "सरकारनं सांगितलं म्हणून सूर्य लवकर उगवतोय व्हय रं?" त्यामुळे उन्हाळाभर व्हिडिओ कॉलच्या आधी सूनबाईच त्यांना हाताला धरून खुर्चीत आणून बसवते.

माझा या कारभाराशी संबंध पत्रव्यवहारापुरता. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो आणि शेजारधर्म म्हणून आण्णांची पत्रं लिहू लागलो. आण्णा सांगायचे, "लिवा, काय विषय नाय." मी त्याचं दोन परिच्छेदांचं घरंदाज इंग्रजी करायचो. पलीकडून एका ओळीत उत्तर यायचं : माल कोणत्या आठवड्यात? असं तीनचारदा झाल्यावर आण्णांनी त्या आठवड्यांचीच शपथ घेतली. हल्ली बँकेच्या मॅनेजरालाही ते हप्ता केडब्ल्यूत सांगतात, आणि मॅनेजर बिचारा फोन ठेवून बोटं मोजत बसतो.

'माइनसेट' मात्र पुण्याहून आला. तिथल्या एका मोठ्या हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर होतं : परदेशांशी धंदा करणाऱ्या मालकांनी जागतिक दृष्टी कशी कमवावी. फी भरभक्कम, जेवण बुफे, व्याख्याता आण्णांच्या मुलाच्या वयाचा. आण्णा परत आले ते जाडजूड फाइल, एक प्रमाणपत्र आणि हा शब्द घेऊन. मधला 'ड' बहुधा कराडला उतरला असावा. "माइनसेट पायजे, सर, माइनसेट! माल कुणीबी ओततोय." मोल्डिंग शॉपमधल्या पोरांना बरेच दिवस वाटत होतं की मालक नवा जनरेटर घेणार आहेत.

त्या शिबिरात हॉफस्टेड नावाच्या डच संशोधकाचे आकडे दाखवले होते. 1967 ते 1973 या काळात आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांकडून लाखाहून जास्त प्रश्नावल्या भरून आल्या होत्या. त्यांवरून या गृहस्थानं एकेका देशाचा स्वभाव मोजला आणि 1980 साली ग्रंथ काढला. त्यातलं एक माप सत्तेच्या अंतराचं आहे. वरच्यानं सांगावं आणि खालच्यानं मुकाट ऐकावं, हे त्या देशात कितपत गृहीत धरलं जातं, याचं ते माप. भारत 77, जर्मनी 35. आण्णांनी वहीत तेवढेच आकडे उतरवले होते. मला दाखवून म्हणाले, "बघा सर. आपल्याला डिस्टिंक्शन. जर्मनी काठावर पास."

हे गुण नव्हेत, हे त्यांना समजावताना माझे दोन चहा झाले. समजल्यावर मात्र आण्णा गप्प बसणाऱ्यांतले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना सगळ्या कामगारांना त्यांनी भट्टीपाशी उभं केलं आणि जाहीर केलं, "आजपासनं हितं कुणी साहेब न्हाई. मला साहेब म्हणायचं न्हाई. जो म्हणंल त्याची त्या दिवसाची हजेरी कट."

फोरमन मान खाली घालून म्हणाला, "व्हय साहेब."

जपान्याला कार्ड द्यायचं तर दोन्ही हातांनी, किंचित वाकून, आणि त्यानं दिलेलं कार्ड न वाचता खिशात कोंबायचं नाही, हेही शिबिरातच शिकवलेलं. आण्णांना हे इतकं पटलं की ते सगळंच दोन्ही हातांनी देऊ लागले. भाजीवालीला पैसे, पोस्टमनला सही केलेला कागद. किणीच्या टोलनाक्यावर फास्टॅग चालेना, तेव्हा चालत्या गाडीचं स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी नोट पुढं केली. मागच्या ट्रकवाल्यानं जो हॉर्न वाजवला तो शुद्ध स्वदेशी होता.

आता इतकं वाचून कुणाला वाटेल की आण्णा म्हणजे नुसताच तमाशा. त्यानं 2023 च्या जूनमध्ये आण्णांना डुसेलडॉर्फला बघायला हवं होतं. तिथं दर चार वर्षांनी 'गिफा' भरतं. जगभरच्या ओतकामवाल्यांची, भट्टीवाल्यांची, वाळूवाल्यांची ती जत्रा. त्यांच्या बॅगेत भडंग होतं, चटणी होती आणि कंदी पेढेही होते. परदेशी प्रवाशाच्या सामानातून दुधाचा पदार्थ युरोपात नेता येत नाही, हे सूनबाईनं विमानतळावर सांगितलं. तेव्हा आण्णांनी अख्खा पुडा रांगेतल्या लोकांत वाटून टाकला. त्या रांगेतले दोघे पुढं डुसेलडॉर्फमध्ये त्यांचे जेवणाचे सोबती झाले.

प्रदर्शनात एका जर्मन कंपनीच्या स्टॉलवर एक देखणं कास्टिंग मांडलेलं होतं. 'हात लावू नये' अशी पाटी असावी, पण ती जर्मनमध्ये होती. आण्णांनी बोटातल्या पोवळ्याच्या अंगठीनं त्यावर टक्‌ करून वाजवलं आणि कान लावला. साधं बीड ठोकलं तर जरा बद्द वाजतं. एसजी आयर्नमधलं ग्रॅफाइट गोल गुठळ्यांत बसलेलं असतं, म्हणून ते घंटेसारखं खणकन बोलतं. जुना ओतारी मशीनच्या आधी कानाला विचारतो. स्टॉलवरचा पांढऱ्या मिशांचा म्हातारा कपाळाला आठ्या घालून उठला, आण्णांकडं बघितलं, आत गेला, आणि बाहेर आला तो लहानशी हातोडी घेऊन. मग दोघं मिळून सगळा स्टॉल वाजवत फिरले.

सूनबाई दुभाषी म्हणून उभी होती, पण तिला कुणी विचारेना. आण्णांनी मोबाइलवर आपल्या फसलेल्या मालाचा फोटो काढून दाखवला, आतमध्ये ब्लो होल पडलेला. स्वतःचं रिजेक्शन परक्याला दाखवायचं, हे कुठल्या शिबिरात शिकवत असतील असं मला वाटत नाही. म्हाताऱ्यानं कागदी रुमालावर कोअर काढला आणि गॅस निघायला वाट कुठून द्यायची ते बाणांनी दाखवलं. आण्णांनी तोच रुमाल ओढून रायझर काढला. म्हाताऱ्यानं जोरजोरानं मान हलवून तो खोडला. मग वाद. एक मराठीत, एक जर्मनमध्ये, आवाज चढलेले. शेवटी खांद्यावर थाप. त्या रुमालाची आता फ्रेम झाली आहे आणि ती पुण्याच्या प्रमाणपत्राच्या वर लागली आहे. ब्लो होलही कमी झाले म्हणे.

परतीच्या वाटेवर आण्णा आडवळणानं फ्लॉरेन्सला गेले. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना 1870 साली तिथं वारले, ऐन विशीत. आर्नो नदीच्या काठावर त्यांचं दहन झालं आणि त्या जागी छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे. जवळचा पूलही त्या 'इंडियानो'च्याच नावानं ओळखला जातो. आण्णांनी तिथं बूट काढले. बराच वेळ काही बोलले नाहीत, असं सूनबाई सांगते, आणि आण्णांच्या बाबतीत ही बातमीच म्हणायची. गाडीत बसल्यावर मात्र उसळले. "दीडशे वर्षांमागं आमचा राजा हितवर आलावता, आणि ते पुण्याचं पोरगं मला ग्लोबल शिकवतंय!"

धंद्यानं आलेला भूगोल आण्णांना चांगला पाठ आहे. 2021 च्या मार्चमध्ये 400 मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं रुतून बसलं, तेव्हा त्याच्या मागं खोळंबलेल्या रांगेत आण्णांचाही एक कंटेनर होता. त्या सहा दिवसांत आण्णांनी मिसळीच्या टेबलावर रोज नवी योजना मांडली. बहुतेक योजनांत तालमीतली पोरं आणि जाड दोर होते. पुढं 2023 च्या शेवटी हूतींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि माल पोचायला दहाबारा दिवस जास्त लागू लागले. तेव्हापासून आण्णा सकाळी पेपर उघडून आधी येमेन बघतात, मग ऊसदर.

जर्मनीत 1 जानेवारी 2023 पासून पुरवठासाखळीचा कायदा आला. मोठ्या कंपन्यांनी आपल्याला माल देणाऱ्यांकडं कामगारांचे हक्क पाळले जातात की नाही, हे बघायचं. त्यामुळे आण्णांकडं लांबलचक प्रश्नावल्या येतात. "तुमच्या कामगारांना संघटना करण्याचं स्वातंत्र्य आहे का?" या प्रश्नावर आण्णांनी सांगितलं, "लिवा, दोन युनियन हायती. पायजे असली तर एक पाठवून देतो." सूनबाईनं फक्त 'होय' लिहिलं.

जपानी पाहुणे येऊन गेले, तेव्हाची गोष्ट तर सगळ्या एमआयडीसीला ठाऊक आहे. त्यांनी कारखाना पाहिला, खूप वेळा वाकले, आणि जाताना म्हणाले की आम्ही यावर काळजीपूर्वक विचार करू. आण्णांनी संध्याकाळी पेढे वाटले. सूनबाई म्हणाली, "बाबा, घाई करून राहिले तुम्ही. मंडळाची पोरं जास्तीची वर्गणी मागायला आली की तुम्ही काय म्हणता?"

"बघूया की, म्हणतो."

"मग झालं तर."

आण्णांनी उरलेला पुडा दाराआड सरकवला.

या सूनबाईबद्दल सांगायलाच हवं. ती नागपूरची. इंजिनिअर आहे, जर्मन बोलते आणि निर्यातीचं सगळं तीच बघते. आण्णांचा तिच्यावर जीव आहे, विश्वास तर चेकबुक देण्याइतका. पण ती नागपूरची आहे, ही गोष्ट त्यांना अजून पचलेली नाही. जपान्याचं वाकणं त्यांना कळतं, जर्मनाचं तोंडावर बोलणं त्यांना आवडतं. "गडी सरळ हाय, आपल्यासारखा," म्हणतात. पण सकाळी पोह्यांवर तर्री ओतलेली दिसली की त्यांचा चेहरा कंटेनर अडकल्यासारखा होतो. सावजी हे नाव घरात मोठ्यानं घ्यायचं नाही, असा अलिखित नियम आहे. स्वयंपाकघरात मसाल्याचे दोन डबे आहेत, दोन वेगळ्या फळ्यांवर, आणि वहिनी दोन्हींवर सारखंच लक्ष ठेवून असतात.

परवा जर्मनीहून ऑडिटर आला. दिवसभर कारखाना तपासून त्यानं त्रुटींची यादी आण्णांच्या हातात ठेवली, ती पान भरून. आण्णांनी ती शांतपणे वाचली. एका ठिकाणी "हे बरोबर हाय" म्हणून कबूल केलं, दोन ठिकाणी भांडले, आणि त्याला घरी जेवायला आणलं. मलाही बोलावलं होतं. ताटावर बसताना आण्णांनी पाहुण्याला माझ्यामार्फत सांगितलं की प्रत्येक देशाच्या चालीरीतींचा मान राखावा, दुसऱ्याची चव समजून घ्यावी, धंद्यात हाच खरा माइनसेट. पाहुण्यानं आदरानं मान डोलावली.

वहिनींनी तांबडा वाढला. पाहुण्यानं दोन घोट घेतले, डोळ्यांतून पाणी आलं, सभ्यपणे वाटी खाली ठेवली. पांढरा त्याला झेपला. मग सूनबाईनं आतून एक झाकलेलं पातेलं आणलं. वर काळपट तेलाचा तवंग, वास थेट नागपूरचा. आण्णांनी वहिनींकडं बघितलं, वहिनींनी छताकडं. पाहुण्यानं एक घास खाल्ला, थांबला, लालबुंद झाला, रुमालानं कपाळ पुसलं, आणि वाटी पुन्हा पुढं केली. मग तिसऱ्यांदाही.

आण्णा माझ्या कानाशी वाकले. "माणूस भला हाय, सर. कामाचाबी पक्का हाय. पण त्याला खाण्यातलं काय कळतंय? जर्मन न्हवं का!"

सूनबाईनं ते ऐकलंच. "बाबा, माइंडसेट!"

"त्यो कारखान्यात. हे घर हाय," आण्णा म्हणाले, आणि तांबड्याची वाटी त्यांनी पाहुण्याच्या ताटाकडं सरकवली. दोन्ही हातांनी.