आईपणाची फूटपट्टी

आईपणाच्या अतिरेकावर शॅरन हेज या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९६ मध्ये पुस्तक लिहिलं. २०१३ मध्ये तिथल्याच मानसशास्त्रज्ञांनी तो मोजायला २५ विधानांची प्रश्नावली काढली. आईशिवाय मुलाचं पान हलत नाही, त्याच्या बुद्धीला सतत खुराक हवा, असल्या विधानांशी आपण किती सहमत ते सांगायचं.

आपल्याकडे एवढा खटाटोप कशाला? चौथीतल्या मुलाच्या आईला नुसतं ‘काय चाललंय?’ विचारा. ‘आमची स्कॉलरशिप आहे ना, भूमिती अजून कच्ची आहे आमची,’ असं उत्तर आलं की पैकीच्या पैकी! थर्माकोलचा ज्वालामुखी रात्री अकराला आई रंगवते, चिरंजीव घोरतात आणि शाळेत कौतुक होतं त्यांच्या हस्तकौशल्याचं.

बाबांचंही मोजमाप हवं? एकच प्रश्न पुरे: मुलाची तुकडी कोणती?